घर पायथ्याशी ठेवा, मग वर या

तुमच्या इन्स्टाच्या 'सेव्ह्ड'मध्ये असं एक तरी रील असणारच. मोठी गाडी, मागचं दार उघडं, आत पांढरीशुभ्र चादर, हातात कॉफीचा मग आणि समोर थेट बर्फाचे डोंगर. कॅप्शनमध्ये 'घर कुठेही नेता येतं' वगैरे. आपण ते हॉस्टेलच्या कॉटवर आडवं पडून बघतो आणि ग्रुपवर टाकतो, 'एकदा करायचंच!'

करा की. आरव्ही, म्हणजे आपल्या भाषेत कॅरॅव्हान, घेऊन डोंगरात फिरायला माझा अजिबात विरोध नाही. फक्त ते कॅप्शन खोटं आहे. घर कुठेही नेता येत नाही. डोंगरातल्या चांगल्या नॅशनल पार्कमध्ये ते एका ठिकाणी थांबवावंच लागतं, आणि मला तो नियम त्या रीलपेक्षा जास्त आवडतो.

अमेरिकेतलं ग्लेशियर नॅशनल पार्क घ्या. मोंटाना राज्यात, कॅनडाच्या सीमेला चिकटून, १९१० मध्ये स्थापन झालेलं. त्याच्या मधोमध सुमारे ८० किलोमीटरचा एक रस्ता डोंगर ओलांडतो. नाव भारी आहे, 'गोइंग-टू-द-सन रोड'. सर्वात उंच जागा लोगन पास, ६,६४६ फूट. आता नियम ऐका. या रस्त्याच्या मधल्या, चढाच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी. लांबी मोजायची बंपरसकट, रुंदी आरशांसकट. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक आरव्ही २५-३० फुटी असतात, मोठ्या तर ४५ फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लांब. थोडक्यात, ज्या रस्त्यासाठी लोक तिथे जातात, त्याच रस्त्यावर त्यांचं चाकांवरचं घर चालत नाही.

माझी मावसबहीण सिएटलला एमएस करते. गेल्या उन्हाळ्यात तिने आणि चार मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून २५ फुटी आरव्ही घेतली आणि साडेआठशे किलोमीटर चालवत ग्लेशियर गाठलं. ती लिटरला जेमतेम चार किलोमीटर देत होती, हा हिशेब तिने मला फोनवर तीनदा ऐकवला. मग गाडी पार्कच्या पश्चिम टोकाला, ॲपगारच्या कॅम्पग्राउंडमध्ये लावली आणि पाचही जण शटल बसने वर गेले. मला वाटलं, ताई चिडली असणार. उलट ती म्हणाली, "अगं, पाचही जणांनी डोंगर बघितला. स्वतः चालवत असतो तर एकाने फक्त रस्त्याची कड बघितली असती."

रीलमध्ये न दिसणारा दुसरा भाग टाक्यांचा. आरव्हीत तीन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत भांड्यांचं आणि अंघोळीचं सांडपाणी, तिसरीत टॉयलेटचं. पार्कमधल्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला वीज, पाणी, ड्रेनेज असं काही जोडता येत नाही. जनरेटरही ठरलेल्या वेळेतच लावायचा. त्यामुळे पाणी जपून वापरायचं आणि घाण टाकी डम्प स्टेशनवर नेऊन स्वतः पाइप लावून रिकामी करायची. घरी बेसिनचा नळ सोडून फोन बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चार दिवस फार उपयोगाचे आहेत. आपण दिवसाला किती पाणी नासतो, हे टाकीचा काटाच दाखवतो. ज्याला ही तिसरी टाकी नको असेल, त्याने सरळ तंबू घ्यावा किंवा हॉटेलात राहावं.

आता मूळ मुद्दा. हा रस्ता इतका अरुंद का? पैसे नव्हते म्हणून? नाही. १९२४ मध्ये या रस्त्याचे दोन आराखडे समोर होते. इंजिनीअर जॉर्ज गुडविन यांच्या आराखड्यात एका दरीतून वर चढणारी १५ हेअरपिन वळणं होती. लँडस्केप आर्किटेक्ट थॉमस व्हिंट यांचं म्हणणं होतं की, रस्ता उंच कड्याच्या पोटातून हळूहळू चढत न्यावा, वळण एकच ठेवावं, म्हणजे डोंगरावर ओरखडे दिसणार नाहीत. हे काम जास्त खर्चाचं होतं. तरी नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनी व्हिंटची बाजू घेतली. कडा फोडून काढलेला, दगडी कठड्यांचा तो रस्ता १९३३ मध्ये रीतसर खुला झाला. ते एकमेव वळण आजही 'द लूप' म्हणून ओळखलं जातं.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी जास्त पैसे मोजून डोंगर कमी कापला. पुढे गाड्या फुगत गेल्या, तेव्हा पार्कने कडा आणखी कापला नाही, गाड्यांनाच अट घातली. मला यातलं सगळ्यात मोठं धाडस इथे दिसतं. पर्यटक नाराज होतील, धंदा बुडेल, हे तिथेही कुणीतरी म्हणालं असेलच की! (तिथेही सगळं आलबेल नाही, बरं का. जुलै-ऑगस्टमध्ये लोगन पासचं पार्किंग सकाळीच भरतं. आणि नावातल्या हिमनद्या १८५० च्या सुमारास साधारण १५० होत्या, त्या २०१५ च्या मोजणीत २६ उरल्या. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी घेऊन त्या बघायला जाणं, हा विनोद मी तुमच्यावर सोडते.)

'मग ज्यांना चालवत नाही, त्या आजी-आजोबांनी काय करायचं?' हा प्रश्न रास्त आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी स्वतःचा पलंग आणि स्वतःचं टॉयलेट ही चैन नव्हे, गरज आहे. पण त्यांना पार्क बंद नाही. खालच्या तळ्यापर्यंत आरव्ही जाते, पुढे शटल आहे, छत गुंडाळता येणाऱ्या १९३० च्या दशकातल्या लाल बसेस आहेत, ब्लॅकफीट आदिवासी गाईडबरोबरच्या सफरी आहेत. पार्कचा पूर्व भाग मुळात त्यांचाच प्रदेश होता, त्यामुळे तो त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळंच. आणि ज्याला आरव्ही पलीकडे न्यायचीच आहे, त्याच्यासाठी पार्कच्या दक्षिणेने वळसा घालणारा हायवे २ आहे.

हे सगळं इथे बसून का लिहायचं? कारण महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्येच कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, आणि त्या गाड्यांचा ओढा सह्याद्रीकडेच असणार. आपल्याकडे घाटात गाडी अडली की पहिली मागणी येते, रस्ता रुंद करा. गाडी लहान करा, असं कुणी म्हणत नाही. खरं तर आपल्याला हे नवीन नाही. माथेरानला पिढ्यान् पिढ्या आपण दस्तुरी नाक्यावर गाडी लावतो आणि पुढे पायी, घोड्यावर, मिनी ट्रेनने जातो. त्यामुळे माथेरानची मजा कमी झाली, असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. मग पहिल्या कॅरॅव्हान पार्कचं उद्घाटन होईल, तेव्हा हे विचारायला काय हरकत आहे: इथून वर जायला बस कुठली, आणि सांडपाणी कुठे जाणार?

आणि परदेशात जाऊन ट्रिप करणार असाल, तर वर्गणी काढण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वय. आरव्ही भाड्याने देणारे किमान २१, काही ठिकाणी तर २५ वर्षं मागतात. दुसरं म्हणजे गाडीची लांबी. बंपरसकट विचारा. आणि तिसऱ्या टाकीची ड्युटी कुणाची, हे निघायच्या आधीच ग्रुपवर ठरवून टाका.