‘दाढच असेल’

गाल सुजला की आपल्याकडे जो तो डॉक्टर होतो. पानवाला, शेजारच्या काकू, एसटीत बाजूला बसलेला अनोळखी गृहस्थ, सगळ्यांचं निदान एकच: दाढच असेल. औषधही एकच: मेडिकलमधून काहीतरी घेऊन टाक. तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे आणि या ‘काहीतरी’ची मला मनापासून चीड येते.

ते मिळतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. माणूस गालाला हात लावून काउंटरशी उभा राहतो. “दादा, दाढ ठणकतेय.” दादा फोनवरचं बोलणंही थांबवत नाहीत. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल, डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या, कात्रीने कचाकच कापून कागदी पाकिटात. नाव आणि मुदत छापलेला तुकडा बहुतेक वेळा दादांकडेच राहतो. शुगर आहे का, किडनीचा त्रास आहे का, पेनिसिलिन चालतं का, हे विचारायला वेळ कुणाला आहे? चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकता येत नाही असा कायदा आहे म्हणे. दोन दिवसांत सूज उतरते, दादा देवमाणूस ठरतात आणि उरलेल्या दोन कॅप्सूल पुढच्या खेपेसाठी फ्रिजवर जाऊन बसतात.

पुढची खेप येतेच. किडलेल्या दाढेतली नस मेली की आत रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही तिथे औषधही नाही. गोळी बाहेरची सूज ओसरवते, मुळाशी पू तसाच राहतो. रूट कॅनाल करून आतली घाण काढा नाहीतर दाढ काढा, तिसरा मार्ग नाही. ठणका अचानक थांबला की लोक पेढे वाटायच्या बेतात असतात. अहो, ठणकणारी नस मेली म्हणून ठणका थांबला!

खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या मुळांची टोकं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात. तिथला पू तोंडात न फुटता थेट जबड्याखाली, गळ्याकडे सरकू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने 1836 साली या प्रकाराचं वर्णन केलं, म्हणून तो आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. हनुवटीखाली दोन्हीकडे टणक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळवत नाही, आवाज घोगरा, आणि मग श्वास कोंडतो. असा रुग्ण आला की मी खुर्चीवर बसवतही नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. तेवढ्यातही कुणीतरी विचारतंच, “डॉक्टर, गरम शेक दिला तर?”

शेकाचं तरी एक वेळ समजून घेईन. पण गालावर बिब्बा टेकवून कातडी जाळून आलेले, ठणकत्या दाढेशेजारी अ‍ॅस्पिरिन दाबून हिरडी पांढरीफटक करून घेतलेले? आणि रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘कीड पडली’ म्हणून पाण्यात तरंगणारे पांढरे कण अभिमानाने दाखवणारे? ते कण बियांमधलेच असतात. दाताची कीड जिवाणूंच्या आम्लाने लागते, अळ्यांनी नव्हे.

बरं, प्रत्येक सूज दाढेचीच कुठे असते? जेवायला बसलं, लिंबाचं लोणचं नुसतं समोर आलं, की जबड्याखाली गोटी फुगते आणि तासाभरात बसते, तर तो लाळेच्या नळीतला खडा. शेकडा ऐंशीच्या आसपास खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. पोराला ताप आहे, कानाखालचा खळगा भरून आलाय, तर गालगुंड. तो विषाणूचा आजार, त्याला अँटिबायोटिक घंटा काही करत नाही. वयात आलेल्या मुलांमध्ये त्याने वृषण सुजतात, क्वचित कान कायमचा जातो. तरी सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ज्याला परवडतं तो खासगीत टोचून घेतो. आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, अशा माणसाने माझ्याकडे नव्हे, हृदयाच्या डॉक्टरकडे जावं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही मोकळं सोडत नाही. चेहऱ्याच्या नसेतून विजेसारखी कळ येते, सूज काडीची नसते, तरी एकामागून एक चांगल्या दाढा उपटलेले रुग्ण मी पाहिलेत. दिसली दाढ की लाव पक्कड.

पण माझा खरा राग आहे तो न दुखणाऱ्या गाठीवर. दुखते ती सूज निदान माणसाला काउंटरपर्यंत तरी नेते. जबड्याखालची टणक, हलत नसलेली, न दुखणारी गाठ सहा-सहा महिने पदराआड नाहीतर दाढीआड राहते. तोंड उघडा म्हटलं की स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ. काय खाता? “काही नाही डॉक्टर, थोडी सुपारी.” बाईंना विचारलं तर “दात घासायला मिश्री लावते, तेवढंच.” जळलेला तंबाखू दिवसातून चार वेळा हिरडीला चोळायचा, याला आपण तोंडाची स्वच्छता म्हणतो! राज्यात गुटखाबंदी 2012 ची. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर रिकाम्या पुड्या रोज सकाळी झाडाव्या लागतात. बंदी आहे म्हणून आता सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं.

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला की मी तुकडा तपासायला पाठवू म्हणतो. रुग्ण मान डोलावतो, मागचा मेहुणा पुढे येतो. “नको डॉक्टर, सुई लागली की पसरतं. आधी पाच दिवसांच्या गोळ्या द्या, दाढच असेल.” मी नाही म्हणतो. समोरच मेडिकल आहे, तिथे कुणी नाही म्हणत नाही.