हार्डवेअर वॉलेट होतं, तरी वझीरएक्समधून दोन हजार कोटी कसे गेले?

१८ जुलै २०२४. वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो गायब झाली. ग्राहकांचे पैसे अडकले, प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

अशी चोरी झाली की सोशल मीडियावर एक सल्ला हमखास फिरतो: क्रिप्टो एक्स्चेंजवर ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण चोरी झालेल्या त्या वॉलेटचे व्यवहार मंजूर करणारे कंपनीचे तिघेही हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. हे खुद्द वझीरएक्सनेच सांगितलं.

मग हे यंत्र नेमकं कशापासून वाचवतं, आणि कशापासून नाही?

वॉलेटमध्ये पैसे नसतातच

नाव वॉलेट असलं तरी बिटकॉइन त्यात ठेवलेलं नसतं. कोणाकडे किती बिटकॉइन आहे याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक वहीत असते. ती रक्कम हलवायची तर एक गुप्त किल्ली लागते, तिला प्रायव्हेट की म्हणतात. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात पैसा.

एक्स्चेंजवर खातं असेल तर ही किल्ली कंपनीकडे असते. ग्राहकाला ॲपवर दिसतो तो फक्त कंपनीच्या हिशेबातला आकडा. २०१४ मध्ये जपानचं माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं, तेव्हा लाखो ग्राहकांना याचा अर्थ कळला.

हार्डवेअर वॉलेट म्हणजे ही किल्ली स्वतःजवळ ठेवण्याचं पेनड्राइव्हएवढं यंत्र. फ्रान्सची लेजर आणि चेक प्रजासत्ताकातली ट्रेझर ही त्यातली ओळखीची नावं. किंमत काही हजार रुपयांपासून सुरू होते. किल्ली यंत्राच्या आतच तयार होते आणि आतच राहते. संगणक फक्त व्यवहाराचा मजकूर यंत्राकडे पाठवतो. मालक यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर तो पाहून बटण दाबतो आणि बाहेर येते ती फक्त डिजिटल सही. संगणकात व्हायरस असला तरी त्याला किल्ली मिळत नाही.

मग चोरी झाली कशी?

चोरांनी किल्ली चोरलीच नाही. त्यांनी मालकाकडूनच सही करून घेतली.

वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना संगणकावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात मंजूर झाला तो दुसराच. वॉलेटची व्यवस्था पाहणाऱ्या लिमिनल कंपनीने मात्र आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाली नसल्याचं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं.

पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारी २०२५ ला, बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरची क्रिप्टो गेली. तिथेही पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता.

याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. न वाचलेल्या स्टॅम्प पेपरवर अंगठा उठवण्यासारखंच हे. म्हणून हार्डवेअर वॉलेट वापरणाऱ्याने पत्ता आणि रक्कम संगणकावर नाही, तर यंत्राच्या स्क्रीनवर वाचायची. तिथे नुसतीच न कळणारी अक्षरं आणि आकडे दिसत असतील, तर बटण दाबायचं नाही.

खरी तिजोरी म्हणजे २४ शब्द

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की ते १२ किंवा २४ शब्द देतं. ते बहुतेक वेळा २,०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. यंत्र हरवलं, मोडलं तरी नव्या यंत्रात हेच शब्द, त्याच क्रमाने टाकले की सगळं परत मिळतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. हे शब्द ज्याला मिळाले, त्याला ना यंत्र लागतं, ना पिन.

म्हणून त्यांचा फोटो काढायचा नाही, स्वतःला व्हॉट्सॲप करायचे नाहीत, ईमेलमध्ये ठेवायचे नाहीत. कॅस्परस्कीने २०२५ मध्ये स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला. तो फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून नेमके हेच शब्द शोधत होता आणि अधिकृत ॲप स्टोअरवरच्या ॲपमधूनही पसरला होता.

फसवणूक घरपोचही येते. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २.७ लाख जणांची नावं, पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर आले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी "जुनं यंत्र बदला" असं सांगणारी बनावट लेजर यंत्रं पोहोचली. यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. खोक्यात शब्द आधीच लिहिलेले असतील तर ते वापरू नये. आणि हे शब्द मागणारा कोणताही "कस्टमर केअर" भामटाच असतो.

इथे "फरगॉट पासवर्ड" नाही

बँकेत पासवर्ड विसरला तर शाखेत जाता येतं. खातेदार गेला तर नॉमिनी असतो. हार्डवेअर वॉलेटमध्ये यातलं काहीच नाही.

प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका एन्क्रिप्टेड ड्राइव्हमध्ये आहे. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. ड्राइव्ह दहाच प्रयत्न करू देतं आणि त्यातले आठ वाया गेल्याची बातमी २०२१ मध्ये जगभर गाजली.

म्हणून शब्दांचा कागद कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असायला हवं. नाहीतर मालकाबरोबर पैसाही जातो.

मग घ्यावं की नाही?

रक्कम यंत्राच्या किमतीएवढीच असेल तर त्यात फारसा अर्थ नाही. गमावली तर झोप उडेल एवढी असेल, तर विचार करावा. सगळीच ॲप क्रिप्टो बाहेर काढू देत नाहीत, हे आधी तपासावं. आणि क्रिप्टो कुठेही ठेवली तरी नफ्यावरचा ३० टक्के कर चुकत नाही.

यंत्र घेतलं तर सगळी रक्कम हलवण्याआधी एक परीक्षा करावी. आधी थोडीशीच रक्कम पाठवावी. मग यंत्र पूर्ण पुसून टाकावं आणि कागदावरचे शब्द पाहून पुन्हा सुरू करावं. ती रक्कम परत दिसली, तर कागद बरोबर उतरवला आहे. नाही दिसली, तर चूक थोडक्यात कळली.