माटुंग्याचे मैदान आणि कांगा लीगचे घटते मोल

मुंबई : रणजी करंडक मुंबईने मार्च २०२४ मध्ये ४२व्यांदा जिंकला. या परंपरेचे मूळ शोधायचे तर वानखेडेवर नव्हे, माटुंग्याला उतरावे लागते. नाव दादरचे आणि मैदान माटुंग्याचे, अशा दादर युनियन स्पोर्टिंग क्लबकडून माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर खेळले. पलीकडे शिवाजी पार्क जिमखान्याकडे अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर आणि संदीप पाटील होते. या दोन क्लबांच्या लढतीला दादर-माटुंग्यात आंतरराष्ट्रीय सामन्याइतकेच महत्त्व असे.

ही लढत रंगे ती डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेल्या लीगमध्ये. स्पर्धा ऐन पावसाळ्यात, खेळपट्टी न झाकलेली, मैदानावर गवत वाढलेले. जमिनीलगतचा फटका गवतातच अडत असल्याने चेंडू उचलून मारण्याचे धाडस करावे लागे; ओल्या खेळपट्टीवर तग धरणाऱ्या फलंदाजाचे तंत्र मात्र पक्के होई. सात विभागांतील ९८ संघांत महाविद्यालयीन मुलाला कसोटीवीरासमोर उभे राहण्याची संधी मिळे. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

क्लबांचा हा डोलारा पोटापाण्याच्या नोकरीवर उभा होता, हे सहसा विसरले जाते. गावसकर निरलॉनमध्ये, तर वाडेकर स्टेट बँकेत होते. कार्यालय पगार देई, क्लब सराव देई. पुढे अनेक खासगी कंपन्यांनी संघ मोडीत काढले आणि क्रिकेटवर मिळणारी नोकरी दुर्मीळ झाली. २००८ मध्ये आयपीएल आल्यावर चिखलातल्या डावापेक्षा वीस षटकांतील एक खेळी अधिक मोलाची ठरू लागली.

अमेरिकेत २०२१ मध्ये बेसबॉलच्या मोठ्या संघांनी आपल्याशी संलग्न असलेल्या १६०हून अधिक दुय्यम संघांची संख्या १२०वर आणली. तेथे निर्णय वरून झाला आणि गावांनी संघ गमावल्याचे निदान सर्वांना दिसले. मुंबईत क्लब कायम आहेत. मोठे खेळाडू तेवढे येईनासे झाले. २०१८च्या टी-२० मुंबई लीगमधील एका संघाला शिवाजी पार्कचे नाव मिळाले, सामने मात्र वानखेडेवर झाले. शिवाजी पार्कचे नाव विकाऊ ठरले, तेथल्या मैदानाला त्याचा काय लाभ झाला, हा प्रश्न संयोजकांना विचारायला हवा.