लाईट घालवू नका, कॅट परत बसवा

सायलेन्सर बदलल्यावर चेक इंजिनची लाईट लागली म्हणून माझ्याकडं येणाऱ्या गाडीवाल्याची मागणी बहुतेक वेळा एकच असते. "काका, तेवढी लाईट घालवा की." कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गाड्या स्कॅन करण्याचं काम चालतं. हे वाक्य मी कॉलेजच्या पोरांकडून ऐकतो, तसंच चांगल्या शिकल्यासवरल्या, घरात लहान मुलं असलेल्या माणसांकडूनही ऐकतो. नुसती लाईट मी कुणाचीच घालवून देत नाही. त्यावरून गिऱ्हाइकं तुटली आहेत. तरी माझं मत बदललेलं नाही, उलट ते आता चारचौघांत मांडायची वेळ आली आहे.

आधी ही लाईट लागते कशी ते समजून घेऊ. पेट्रोल गाडीच्या इंजिनातून निघालेला धूर बाहेर पडण्याआधी कॅटमधून जातो. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. स्टीलच्या डब्यात बारीक उभ्या नळ्यांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड आत येतात. बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर जातात. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. स्कॅनर जोडला की दोघांच्या रेषा पडद्यावर दिसतात. पुष्कळ गाड्यांत पुढच्या सेन्सरची रेषा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होते. मागच्याची रेषा, कॅट धडधाकट असेल तर, ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ सपाट चालते. सायलेन्सर बदलताना कॅट कापून तिथं सरळ पाईप घातला की मागची रेषाही पुढच्या रेषेसारखीच नाचू लागते. गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं की मधे काहीच काम होत नाही. तो कोड नोंदवतो, पी ०४२०.

ही लाईट लगेच लागत नाही, आणि फसगत होते ती इथंच. इंजिन गरम, वेग स्थिर, अशा ठरावीक परिस्थितीत कॉम्प्युटर कॅटची परीक्षा घेतो आणि सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत ती नापास झाली तरच लाईट लावतो. त्यामुळं पाईप बसवून गाडी बाहेर पडते तेव्हा सगळं छान असतं. लाईट लागते ती पुढं कधीतरी पुण्याच्या वाटेवर, कराडच्या आसपास. फोन केला की पाईपवाला सांगतो, "नवीन काम आहे, सेट होईल." ते कधीच सेट होत नाही.

मग सुरू होतो लाईट घालवायचा धंदा. कुणी स्कॅनरनं कोड पुसून देतो, तो पुन्हा येतो. कुणी मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावून त्याला धुराच्या प्रवाहाबाहेर उचलतो, म्हणजे रेषा सपाट दिसावी. कुणी कॉम्प्युटरमध्ये नवी फाईल टाकून मागच्या सेन्सरकडं बघायचंच बंद करतो. तिन्हींत धूर तसाच राहतो. आणि जो मोलाचा भाग कापला, तो बहुतेक वेळा दुकानातच राहतो, कारण त्यातल्या धातूंना भंगारात चांगला भाव आहे. कापायचे पैसे गिऱ्हाइकाचे, मालही गिऱ्हाइकाचा आणि विक्री दुकानदाराची. याला मी लूट म्हणतो.

सगळ्याच सायलेन्सर बदलण्याला मी नावं ठेवत नाही. फक्त मागचा डबा बदलला असेल तर दोन्ही सेन्सर त्याच्या पुढं राहतात. नुसत्या त्या बदलानं लाईट लागायला नको. लागलीच, तर काम करताना सेन्सरची वायर गरम पाईपला टेकलीय का, ओढली गेलीय का, किंवा पुढचा जोड हलून कुठं गळती झालीय का, ते बघावं लागतं. माझ्याकडं आलेली एक हॅचबॅक आठवते. पाईप बदललेला, अॅव्हरेज पडलेलं, लाईट लागलेली, कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. कॉम्प्युटर जवळजवळ पंचवीस टक्के जादा पेट्रोल सोडत होता. मालकाला आधीच कुणीतरी इंजेक्टर बदलायला सांगितलं होतं. मी थंड इंजिनवर मॅनिफोल्डच्या जोडाला साबणाचं पाणी मारलं आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगितलं. जोडावर फेस आला. पॅकिंग बसलेलंच नव्हतं. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढच्या सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसायचा आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहायचा. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट सारखे आवळले, आकडा दोन-तीन टक्क्यांवर आला. ती लाईट फाईल टाकून घालवली असती, तर मालक वर्षानुवर्षं जादा पेट्रोल जाळत बसला असता आणि कॅटही खराब झालं असतं.

ताकद वाढते म्हणून हे करतो, असं सांगणाऱ्यांना माझा प्रश्न असतो: मोजली का? बाराशे सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला मोठ्या व्यासाचा पाईप लावला की धुराचा वेग कमी होतो आणि खालच्या आरपीएमची ओढ बहुधा घटते. आवाज वाढतो, म्हणून गाडी पळतेय असं वाटतं. तीच गाडी चार माणसं घेऊन आंबा घाटात न्या. जिथं आधी तिसऱ्यावर चढायची तिथं दुसरा टाकावा लागतो. टर्बो गाडीत मोकळा डाऊनपाईप आणि नीट केलेलं ट्यूनिंग यांनी ताकद खरंच वाढते, हे मी मान्य करतो. कोल्हापूरला रेसिंगची हौस जुनी आहे, मोहितेंचा ट्रॅक इथलाच, आणि त्या हौसेचा मला अभिमान आहे. पण ट्रॅकवरची गाडी ट्रॅकवर. कावळा नाक्याच्या सिग्नलला तुमच्या मागं स्कूटरवर एखादी आई असते आणि पुढं उभ्या पोराच्या तोंडावर तुमच्या पाईपचा धूर येत असतो. कॅट नसलेल्या गाडीच्या मागं दोन मिनिटं उभं राहून बघा, डोळे चुरचुरतात. आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही.

कायदा पुरेसा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. कलम १९० खाली आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण रस्त्यावर पकडली जाते ती आवाज करणारी गाडी. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो छापून येतात, ती कारवाई योग्यच आहे. मात्र मागचा डबा कंपनीचाच ठेवून आतलं कॅट काढलेली गाडी पोलिसांसमोरून शांतपणे निघून जाते. पाईप कापणाऱ्याचं आणि फाईल टाकणाऱ्याचं नाव तर कुठं येतच नाही.

बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून. आपल्या गाडीवर लक्ष ठेवणारी सगळी यंत्रणा नव्या गाड्यांत कंपनीनंच बसवून दिली आहे, तिचे पैसे आपण गाडीच्या किमतीत मोजले आहेत. आणि आपलं पीयूसी केंद्र अजून पाईपात नळी घालण्यावर थांबलंय. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथं मोजत नाहीत आणि डॅशबोर्डकडं कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांच्या तपासणीत स्कॅनर थेट गाडीच्या सॉकेटला जोडतात. लाईट पेटलेली असेल तर नापास. कोड नुकताच पुसला असेल तर आतल्या चाचण्या अपुऱ्या दिसतात, म्हणून अशी गाडीही पास होत नाही. जुलै २०२१ पासून तिथं कॉम्प्युटरमधली फाईल बदललीय का, हेसुद्धा तपासतात. आपल्याकडं निदान पहिल्या दोन गोष्टी उद्यापासून करता येतील. त्याला लागणारा साधा स्कॅनर माझ्यासारख्या छोट्या गॅरेजलाही परवडतो आणि तपासणीला काही मिनिटं पुरतात. परिवहन विभागानं बीएस-६ गाड्यांच्या पीयूसीत ही तपासणी सक्तीची करावी आणि कॅट काढून देणाऱ्या दुकानावर मालकाइतकीच कारवाई करावी.

तोवर गाडी तुमची आहे, तर एवढं करा. सायलेन्सरचं काम करून घेताना कॅटला हात लावणार का, हे आधी विचारा आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या. लाईट लागलीच तर कोड कागदावर लिहून घ्या आणि कारण सांगितल्याशिवाय तो पुसू देऊ नका. लाईट उघडझाप करत असेल तर इंजिन मिसफायर करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅट वितळवू शकतं. तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोचन करून न्या.