आबांची कुदळ आणि दारामागचे वाफे

वर्षावास संपला. आश्विन पौर्णिमा झाली, विहारातले ग्रंथवाचनही पूर्ण झाले. पावसाने उसंत दिली आहे आणि परसातली माती हाताशी येऊ लागली आहे. म्हणून या आठवड्यात मातीचे आणि अवजारांचे बोलू.

गेल्या रविवारी आमच्या घरी एक प्रसंग घडला. मेथी-पालकाचे वाफे करायचे म्हणून आम्ही माळ्यावरची जुनी कुदळ काढली. पाच-दहा घाव घातले असतील नसतील, तोच दांड्यातून कुदळ निसटली आणि जाऊन भिंतीवर आदळली. घटकाभरापूर्वी तिथेच आमची नात खेळत बसली होती. आमच्या तर पायातले बळच गेले. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, द्या ती भंगारवाल्याला. नवी घेऊ."

पण दोष कुदळीचा नव्हता, आमचा होता. दांडा कोरडा पडून आकसला होता, पाचर कधीच गळून पडली होती आणि आम्ही न पाहताच घाव घालायला लागलो होतो.

ही कुदळ आमच्या आबांची. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी याच कुदळीने रस्त्याच्या कामावर माती खणली. संध्याकाळी घरी आले की आधी कुदळ पुसत, मग भाकरीला बसत. मात्र आम्ही हात लावला की रागावत. "तुझ्या हातात पेन पाहिजे," म्हणत. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो आणि कुदळ माळ्यावर गेली. आपल्या किती तरी घरांत असेच झाले असेल. कुदळ-फावडे दिसले की मागच्या पिढ्यांची वेठ आठवते आणि नकोसे वाटते.

हे नकोसेपण खोटे नाही. पण ते कशाचे, हे नीट पाहिले पाहिजे. महार वतनाच्या नावाखाली गावाने आपल्या माणसांना अहोरात्र राबवून घेतले. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. ते वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. लाज कुदळीत नव्हती, दुसऱ्याच्या हुकुमावर राबण्यात होती. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांना कुदळ टाकायची नव्हती, ती चालवायला स्वतःची जमीन हवी होती.

सुत्तनिपातात कसिभारद्वाज सुत्त आहे. पेरणीच्या वेळी भगवान बुद्ध भिक्षेला उभे राहिले, तेव्हा नांगर चालविणाऱ्या ब्राह्मणाने त्यांना कष्ट करून खाण्याचे सुनावले. भगवान रागावले नाहीत. शेतीच्याच भाषेत त्यांनी आपले काम सांगितले आणि स्मृतीला, म्हणजे जागे राहण्याला, नांगराच्या फाळाची उपमा दिली. गंजलेला फाळ मातीत शिरत नाही, हे ऐकणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागले नसेल.

तेव्हा आधी अवजारे पाहा. गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशाने किंवा विटेच्या तुकड्याने घासून काढावा आणि तेलाचे फडके फिरवावे. दांडा बाभळीचा, सरळ रेषांचा असावा. चिरलेला दांडा सुतळी बांधून चालवू नये, बदलावा. तो नेढ्यात घट्ट बसेल इतकाच तासावा आणि वर सुक्या लाकडाची पाचर ठोकावी. पुष्कळ जण कुदळ रात्रभर पाण्यात ठेवतात. त्याने लाकूड फुगून दांडा घट्ट होतो खरा, पण लाकूड सुकले की पुन्हा सैल. तो तात्पुरता उपाय आहे. धार कानशीने एकाच दिशेने लावावी. तोंड फारच झिजले असेल तर लोहाराकडून पाजवून आणावे. काम झाल्यावर माती धुऊन, कोरडे पुसून, दांड्याला जवसाचे तेल चोळून अवजार खिळ्याला टांगावे. गाडीचे जळके ऑइल मात्र लावू नये. ते शेवटी भाजीच्या मातीतच जाते.

आता वाफे. माती ओली असताना खणली तर ढेकळे विटेसारखी कडक होतात. वापसा आला का, हे असे पाहावे: मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून भुगा झाला तर कुदळ घ्यावी, चिकटून राहिला तर दोन दिवस थांबावे. वीतभर खोल खणून माती चार-पाच दिवस उन्हात तापू द्यावी. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात. तुकडे मातीत राहिले तर दुप्पट उगवतात.

वाफा दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पुरे. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. पावसाळ्यात गादीवाफा करतात, पण आता पाणी धरायचे आहे, म्हणून सपाट वाफा करून कडेने बांध घालावा. एका वाफ्याला दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी येते. धने रगडून दोन फाकी करूनच पेरावेत. मेथी-पालक सगळा एकदम न पेरता आठ-आठ दिवसांनी पेरावा. महिनाभराने भाजी निघू लागते आणि पुढेही पुरते. ज्यांच्या खोलीला परस नाही त्यांनी बुडाला भोके पाडलेला जुना डबा घ्यावा. कोथिंबीर त्यातही येते.

एक गोष्ट मात्र घरोघरी पाळावी. मुलाने खणायचे आणि मुलीने भाजी निवडायची, अशी वाटणी नको. दोघांनी दोन्ही शिकावे. आम्ही नवा दांडा बसवला तेव्हा पाचर नातीने धरली, हातोडा आम्ही मारला. मग तिने विचारले, "आजोबा, ही कुदळ कुणाची?" आम्ही तिला १९७२ सालचे सगळे सांगितले. माळ्यावर असताना त्या कुदळीची आठवण घरात कुणी काढली नव्हती.

येत्या रविवारी तुमच्याही माळ्यावर पाहा. आजोबा-पणजोबांचे एखादे खुरपे, फावडे सापडेल. ते भंगारात देऊ नका. आधी दांडा हलवून पाहा, पाचर ठोका, मुलांना चार पावले दूर उभे करा आणि मग पहिला घाव घाला. जमीन तीन फुटांची का असेना, ती आपली आहे आणि तिथे आपल्याला राबवून घेणारा कुणी नाही.

जयभीम!