एका नकाराने मोडणारी संसद

लिखित संविधान म्हटलं की आपल्या राज्यशास्त्राच्या नोट्समध्ये अमेरिका येते, मग फ्रान्स, आणि पुढचं युनिट. पण फ्रान्सच्या चार महिने आधी, ३ मे १७९१ ला, पोलंडनं आपलं संविधान मंजूर केलं होतं. ते आणणारा गट म्हणजे देशभक्त पक्ष. झेंडा-चिन्हवाला पक्ष नव्हे, सुधारणा हव्या असलेल्या सरदारांची आणि विचारवंतांची फळी. इग्नात्सी पोतोत्स्की, ह्यूगो कोवोंताय ही त्यातली मोठी नावं.

त्यांची अडचण काय होती बघा. पोलंडच्या संसदेत, म्हणजे सेयममध्ये, एका सदस्यानं उठून 'मान्य नाही' म्हटलं की अख्खं अधिवेशन मोडायचं, आधी मंजूर केलेले कायदेही जायचे. याला ते स्वातंत्र्य म्हणत! शेजाऱ्यांना काय, एक माणूस फोडला की झालं. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं देशाचा लचका तोडलाच होता.

१७८८ ची सेयम मात्र 'कॉन्फेडरेशन' म्हणून भरली. त्यात निर्णय बहुमतानं होतात, नकाराधिकार चालत नाही. जुन्याच नियमांतली ही पळवाट पक्षानं धरली आणि सोडली नाही. शेवटी ईस्टरच्या सुट्टीत बरेच विरोधक गावी असताना संविधान मंजूर करून घेतलं. नकाराधिकार गेला, राजपद वंशपरंपरागत झालं, शहरवासीयांना हक्क मिळाले. सुट्टी गाठून संविधान करणं मला पटत नाही, पण दुसरा मार्ग त्यांनी काय काढायला हवा होता, हेही सांगता येत नाही.

खरी चूक दुसरीकडे झाली. एक, १७९० चा प्रशियाशी मैत्रीचा करार. १७९२ मध्ये नाराज सरदारांनी तार्गोवित्सा नावाचा गट काढून रशियाचं सैन्य बोलावलं, तेव्हा प्रशिया मदतीला आलाच नाही. उलट १७९३ च्या फाळणीत त्यानं आपला वाटा घेतला. संविधानावर सही करणारा राजाही तार्गोवित्साला जाऊन मिळाला.

दुसरी चूक मला जास्त खटकते. शेतकऱ्यांना 'कायद्याचं संरक्षण' असं म्हटलं, वेठबिगारी तशीच ठेवली. मग त्यानं या कागदासाठी का लढावं? १७९४ च्या उठावात कोश्च्युश्कोला शेतकऱ्यांची गरज पडली. विळे सरळ करून दांड्याला बसवलेले शेतकरी रात्स्वावित्सेला रशियन तोफांवर धावून गेले, आणि त्यानंतर सुमारे महिन्याभरानं, मे मध्ये, त्यानं जाहीरनामा काढून त्यांची वेठ कमी केली. पुढच्या वर्षी पोलंड नकाशावरून गेला.