रंगाला वॉरंटी, रंगाऱ्याला काय?

पावसाळा सरला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत इमारतींना परांच्या बांधल्या जातात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतही सभा झाली. तीन कोटेशनं, दोन तास चर्चा: प्रायमर कुठला, रंगाचे किती हात, वॉरंटी किती वर्षांची? सातव्या मजल्याबाहेर लोंबकळणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट कोण देणार, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

‘ते ठेकेदार बघेल’ हे आपलं लाडकं उत्तर. आणि ठेकेदार निवडतो तो सगळ्यात स्वस्त. मग तो काटछाट कुठे करणार? रंगात केली तर दोन पावसांत भिंतच बोंब मारते. दोरीत केली तर माणूस पडेपर्यंत कळत नाही.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभं राहून रोज नवा मालक शोधणारा रंगारी तो कुणाकडून आणणार?

म्हणून करारातच लिहा: बेल्ट, त्यासाठी वेगळी बांधलेली दोरी, विमा, कामाच्या दिवसांचा दाखला. मेंटेनन्स वाढेल? वाढू दे. परवडत नसेल तर भिंत आणखी एक वर्ष कळकट राहू दे. तिला कुणी घरी वाट बघत नसतं.